पैशावाचून विनिमय : मूत्रपिंडाच्या जुळणीचा धडा

(वसई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ.)



मूत्रपिंड-प्रत्यारोपणात दाता आणि रुग्ण यांची जुळणी कशी होते, हा प्रश्न शल्यचिकित्सकांचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तो अर्धाच त्यांचा आहे. कोणाला काय मिळावे, कोणाकडून मिळावे आणि ते कोणत्या नियमाने ठरावे, हे प्रश्न जेथे उपस्थित होतात तेथे अर्थशास्त्राची हद्द सुरू होते. आणि ठरवणाऱ्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न जेथे उपस्थित होतो तेथे राजकारणाची. म्हणून अभ्यासवर्गासाठी मी मुद्दाम हा विषय निवडला. बाजार हाच वाटपाचा एकमेव शहाणा मार्ग आहे, असे गेली तीन-चार दशके आपल्याला अहोरात्र ऐकवले जात आहे. त्या म्हणण्याला इतके स्वच्छ उत्तर दुसऱ्या कोणत्याही क्षेत्रात मला आढळलेले नाही.

प्रथम प्रश्नाचे आकारमान पाहू. मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या नव्या रुग्णांची भर आपल्या देशात दरवर्षी सुमारे २ लाख २० हजारांनी पडते, असा केंद्र शासनाचा अंदाज आहे. २०१६ साली राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम सुरू झाला तो याच आकड्याच्या आधारे. याउलट २०२३ या संपूर्ण वर्षात देशभर झालेली मूत्रपिंड-प्रत्यारोपणे होती १३,४२६. या दोन आकड्यांमधील दरीत जी माणसे राहतात त्यांच्यापुढे डायालिसिस किंवा मृत्यू एवढेच पर्याय असतात. डायालिसिस म्हणजे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून घेणे. विरार-चर्चगेट गाडीत रोज उभे राहून पोट भरणाऱ्या माणसाचे असे तीन दिवस गेले की त्याची नोकरी किती काळ टिकेल? त्याला नेणाऱ्या-आणणाऱ्या माणसाचाही रोजगार बुडतो. वसईच्या वाडीत केळी-फुलांवर जगणारे कुटुंब असो की नालासोपाऱ्याच्या चाळीत भाड्याने राहणारे, एक आजार दोन माणसांची मिळकत खातो.

शरीराचे तीन दरवाजे

आता जुळणी म्हणजे काय ते समजून घेऊ. एका माणसाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात शिवणे ही शस्त्रक्रियेच्या दृष्टीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच साध्य झालेली गोष्ट होती. अडचण होती ती शरीराच्या स्वत्वाची. शरीर परक्याला ओळखते आणि हाकलते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंड-प्रत्यारोपण केले, ते एकरूप जुळ्या भावांमध्ये. तेथे परकेपणाचा प्रश्नच नव्हता. पण प्रत्येकाला जुळा भाऊ नसतो. परक्याचे मूत्रपिंड परक्याला कसे मानवेल, याचा शोध त्यापुढील कित्येक वर्षे चालला. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली पहिला प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोर येथे जिवंत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले.

जुळणीचे दरवाजे तीन. पहिला रक्तगटाचा. रक्त देण्या-घेण्याचा जो नियम तोच येथेही लागू होतो. ओ गटाचा दाता सर्वांना देऊ शकतो, एबी गटाचा रुग्ण सर्वांकडून घेऊ शकतो, ए आणि बी मात्र एकमेकांना देऊ शकत नाहीत. ओ गटाच्या रुग्णाला केवळ ओ गटाचाच दाता चालतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हा भेद मूत्रपिंडाच्या बाबतीत आड येत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण त्याविषयी लोकांत विनाकारण भीती असते.

दुसरा दरवाजा पेशींवरील ओळखखुणांचा. फ्रान्सचे झाँ दोसे यांनी १९५८ साली या खुणांचा माग काढला आणि त्यासाठी त्यांना १९८० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. एच. एल. ए. या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांपैकी प्रमुख सहा खुणा जुळणीसाठी पाहतात : तीन आईकडून आलेल्या, तीन वडिलांकडून. त्यामुळे आई-वडील आणि अपत्य यांच्यात निम्म्या खुणा जुळतातच. सख्ख्या भावंडांत चारांपैकी एकदा सर्व जुळतात, दोनदा निम्म्या आणि एकदा एकही नाही. प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे, विशेषतः १९८० च्या दशकात आलेले सायक्लोस्पोरिन, उपलब्ध झाल्यापासून या दरवाजाची कडी बरीच सैल झाली आहे. खुणा फारशा न जुळताही आज प्रत्यारोपण यशस्वी होते. मात्र जुळणी जितकी चांगली तितके ते मूत्रपिंड अधिक काळ टिकण्याचा संभव असतो.

तिसरा दरवाजा क्रॉसमॅच चाचणीचा. दात्याच्या पांढऱ्या पेशी आणि रुग्णाच्या रक्तातील द्रव एकत्र करून पाहतात. रुग्णाच्या रक्तात त्या विशिष्ट दात्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार असतील, तर पेशी मरतात, म्हणजे दरवाजा बंद. १९६९ साली पटेल आणि टेरासाकी यांनी दाखवून दिले की, ही चाचणी प्रतिकूल असताना बसवलेल्या ३० मूत्रपिंडांपैकी २४ तत्काळ निकामी झाली. ही प्रतिद्रव्ये येतात कोठून? पूर्वी घेतलेल्या रक्तातून, पूर्वीच्या प्रत्यारोपणातून आणि गर्भारपणातून. गर्भात वाढणाऱ्या मुलाच्या निम्म्या खुणा पित्याच्या असतात. मातेच्या शरीराला त्यांचा परिचय होतो आणि काही स्त्रियांच्या रक्तात त्याची आठवण राहते. म्हणून ज्या पतीची मुले तिने वाढवली, त्याच पतीचे मूत्रपिंड तिला न चालण्याचा संभव असतो. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तात्पर्य असे की, घरात प्रेमाने देणारे माणूस आहे, पण शरीर ते स्वीकारत नाही, असा प्रसंग अपवादात्मक नाही. रक्ताचे नाते नसलेली कोणतीही दोन माणसे, उदाहरणार्थ पती-पत्नी, घेतली, तर ढोबळ मानाने तीनांपैकी एका जोडीत रक्तगटाच्या पहिल्याच दरवाजावर अडवणूक होते.

बाजाराचे उत्तर

अशा वेळी बाजार पुढे येतो आणि म्हणतो : घरातले चालत नाही ना, मग विकत घ्या. हा युक्तिवाद केवळ दलालांचा नाही. प्रतिष्ठित अर्थशास्त्रज्ञांनीही तो मांडला आहे. देणारा राजी, घेणारा राजी, मग तिसऱ्याने मध्ये का पडावे? एकाला जीव मिळतो, दुसऱ्याला पैसा. दोघांचेही कल्याण होते.

या कल्याणाचा हिशेब एकदा मांडण्यात आला आहे. पैसे घेऊन मूत्रपिंड दिलेल्या चेन्नईतील ३०५ व्यक्तींची पाहणी २००१ साली करण्यात आली व ती पुढील वर्षी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी शेकडा ९६ जणांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. हाती सरासरी १,०७० डॉलर पडले. त्यानंतर काय झाले? पाहणीच्या वेळी त्यांतील तीन-चतुर्थांश लोक अजून कर्जातच होते. कुटुंबाचे उत्पन्न सरासरीने एक-तृतीयांश घटले होते. शेकडा ८६ जणांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले. आणि तुमच्यासारख्या दुसऱ्याला विकण्याचा सल्ला द्याल का, असे विचारता शेकडा ७९ जणांनी नाही असे उत्तर दिले. मित्रहो, ज्या वस्तूचा विक्रेताच पुढच्या विक्रेत्याला परावृत्त करतो, त्या सौद्याला ऐच्छिक म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे. सावकार ज्याच्या दारात बसला आहे त्याची संमती ही संमती नसते. विदर्भात हे वेगळ्या रीतीने दिसले. २००६ साली अमरावती जिल्ह्यातील शिंगणापूरच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी मूत्रपिंड-विक्री केंद्राचा फलकच उभारला. तो निषेध होता, पण निषेधाला हेच रूप का सुचावे याचा विचार आपण करावयास हवा.

विक्रीला प्रतिबंध करणारा कायदा संसदेने १९९४ साली केला. राज्यसूचीतील विषयावर संसदेने कायदा करावा असे ठराव ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी केले त्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेशासह महाराष्ट्र होता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. हा कायदा आवश्यक होता यात शंका नाही. परंतु बंदी हे अर्धे काम असते. टंचाई तशीच ठेवून बंदी घातली की व्यापार अंधारात जातो आणि खोटे नातेवाईक, खोटी कागदपत्रे, परगावचे दलाल यांचे राज्य सुरू होते. त्यानंतरच्या वर्षांत मुंबईसह अनेक शहरांत उघडकीस आलेली प्रकरणे याची साक्ष देतात. म्हणून प्रश्न असा उरतो की, पैसा वर्ज्य केल्यावर त्याची जागा कशाने भरून काढावयाची?

विनिमयाची नवी रीत

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वस्तुविनिमयाची अडचण शिकवतात. जेव्हन्सने १८७५ साली ती नेमकी मांडली : माझ्याकडे जे आहे ते तुला हवे आणि तुझ्याकडे जे आहे तेच मला हवे, असा दुहेरी योगायोग साधला तरच देवघेव होते. एरवी धान्यवाला कापडासाठी आणि कापडवाला मिठासाठी भटकत राहतो. म्हणून पैसा आला, असे पाठ्यपुस्तक सांगते आणि तेथे धडा संपतो.

मूत्रपिंडाने हा धडा पुढे नेला. समजा, निर्मळच्या एका गृहस्थांचा रक्तगट ए आहे आणि मूत्रपिंड द्यावयास तयार असलेल्या त्यांच्या पत्नीचा बी. डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा गट बी आहे आणि त्यांच्या पत्नीचा ए. दोन्ही घरांत देणारे आहे, तरी दोन्ही घरे अडलेली आहेत. निर्मळच्या पत्नीने डोंबिवलीच्या रुग्णाला दिले आणि डोंबिवलीच्या पत्नीने निर्मळच्या रुग्णाला, तर दोघेही जगतात. जुन्या काळी दोन घरे एकमेकांत मुली देऊन हुंड्याचा प्रश्न सोडवीत, त्याला आपण साटेलोटे म्हणत असू. फरक इतकाच, आणि तो मूलभूत आहे, की साटेलोट्यात मुलीचे मत कोणी विचारत नसे. येथे देणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची मुक्त संमती ही पहिली अट आहे.

असा पहिला अदलाबदलीचा प्रयोग दक्षिण कोरियात १९९१ साली झाला. पण दोन घरे योगायोगाने एकाच डॉक्टरकडे यावीत यावर विसंबून राहिले तर जेव्हन्सची अडचण कायम राहते. तिच्यावर मार्ग काढला तो अर्थशास्त्रज्ञांनी. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली विवाह आणि महाविद्यालय-प्रवेश यांच्या स्थिर जुळणीचे गणित मांडले. पैशाचा उल्लेखही न करता घरांची अदलाबदल सर्वांच्या हिताची कशी करावी, हे शॅप्ली आणि स्कार्फ यांनी १९७४ साली दाखविले. हे सारे तीस वर्षे बौद्धिक करमणूक म्हणून पडून होते. २००४ साली आल्विन रॉथ, तायफून सोनमेझ आणि उत्कू उन्वेर यांनी ते मूत्रपिंडाच्या अदलाबदलीस लावले. दोनच घरे कशाला, तीन किंवा चार घरांची साखळी का नको? पहिल्याचा दाता दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, तिसऱ्याचा पहिल्याला. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. किमतीशिवाय वाटप शिस्तीने आणि कार्यक्षमतेने होऊ शकते, हे त्या पारितोषिकाने एका परीने मान्य केले.

आपल्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने अशा अदलाबदलीला स्पष्ट स्थान मिळाले. दाता आपल्या रुग्णाचा निकटचा नातेवाईक असला पाहिजे आणि प्राधिकार समितीची संमती असली पाहिजे. निकटच्या नात्यात पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे आणि त्याच दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडेही येतात. जून २०१३ मध्ये मुंबईतील तीन रुग्णालयांत मिळून पाच जोड्यांची साखळी पूर्ण झाली. दहा शस्त्रक्रिया एकाच दिवशी. एकाच दिवशी का, तर येथे करार न्यायालयातून अंमलात आणता येत नाही. आपल्या रुग्णाला मिळाल्यावर दात्याने माघार घेतली तर त्याला कोणी सक्ती करू शकत नाही आणि करूही नये. २०१९ साली मुंबईत एका हिंदू आणि एका मुसलमान कुटुंबातील पत्नींनी परस्परांच्या पतींना मूत्रपिंडे दिली. शरीराचे तीन दरवाजे मी सांगितले. त्यांत धर्माचा वा जातीचा दरवाजा नाही, हे आपल्या भाषणांत आपण सांगतोच, येथे ते प्रयोगशाळेने सिद्ध केले.

आणखी एक गोष्ट पाहा. या विनिमयात एका मूत्रपिंडाची किंमत एक मूत्रपिंड, कमी नाही आणि अधिकही नाही. गिरणीमालकाचा भाऊ आणि मोलकरणीचा भाऊ येथे एकाच तोलाचे ठरतात. आमच्या देशावरच्या खेड्यांत शेतकरी एकमेकांच्या शेतावर सावडीने राबत. आज तुझी कापणी, उद्या माझी. तेथे मजुरीचा दर नव्हता, पण हिशेब चोख होता. ही नवी सावड आहे. फक्त गाव मोठा झाला आहे आणि हिशेब ठेवण्यास पाटलाच्या स्मरणशक्तीऐवजी संगणक लागतो.

नोंदवही कोणाची?

येथे व्याख्यानाच्या मुख्य मुद्द्यापाशी आपण आलो. हिशेब चोख, पण नोंदवही कोणाची?

साधे अंकगणित करू. दहा अडलेल्या जोड्यांची एक यादी असेल तर त्यांत दोन-दोनच्या ४५ जुळण्या तपासता येतात. अशा दहा रुग्णालयांच्या दहा स्वतंत्र याद्या असल्या तर एकूण शक्यता ४५०. त्याच शंभर जोड्या एका यादीत आणल्या तर शक्यता होतात ४,९५०. माणसे तीच, आजार तोच, देणारे तेच, केवळ याद्या एकत्र केल्याने शक्यता अकरापट होतात. तीन घरांच्या साखळ्या धरल्या तर हा फरक याहूनही मोठा. म्हणजे यादी विभागलेली राहिली, एवढ्या एकाच कारणाने काही माणसे मरतात. यासाठी नवे यंत्र नको, नवे औषध नको, परकीय चलन नको. ज्या व्यवसायात आकार वाढण्यानेच उपयुक्तता वाढते आणि स्पर्धकांच्या संख्येने ती घटते, तो सार्वजनिक मालकीचा असावा, हे तत्त्व पाणीपुरवठा आणि रेल्वे यांच्या संदर्भात आपण मांडत आलो. अदलाबदलीची नोंदवही हे त्याचे सर्वांत शुद्ध उदाहरण आहे.

आजवर आपल्याकडे हे काम प्रामुख्याने रुग्णालयांच्या आपापल्या याद्यांवर आणि काही तळमळीच्या डॉक्टरांनी चालवलेल्या नोंदवह्यांवर उभे राहिले. त्यांच्याविषयी मला आदर आहे. अहमदाबादच्या मूत्रपिंड-विकार संस्थेने तर एकाच छताखाली अदलाबदलीचे मोठे कार्य करून दाखविले. परंतु व्यक्तीच्या तळमळीवर उभी असलेली व्यवस्था त्या व्यक्तीबरोबर थकते. २०२५ साली केंद्राच्या राष्ट्रीय अवयव व ऊतक प्रत्यारोपण संस्थेने, म्हणजे नोट्टोने, देशभर एकसमान अदलाबदल योजना राबविण्याबाबत राज्यांना लिहिले. सूचना योग्य आहे. पण शासकीय पत्र आणि चालती नोंदवही यांत किती अंतर असते, हे वसईकरांना सांगावयास नको.

नोंदवही सार्वजनिक असावी याचे दुसरे कारण न्यायाचे आहे. संगणकाला नियम माणूस देतो. एका जोडीची दाती पंचवीस वर्षांची आणि दुसरीची साठीची असेल, तर ही अदलाबदल समतोल आहे काय? अनेक जुळण्या शक्य असतील तर प्रथम कोणाची? डायालिसिसवर दीर्घकाळ असलेल्याची, लहान मुलाची, की जिच्या रक्तातील प्रतिद्रव्यांमुळे पुन्हा दाता मिळण्याची आशा नाही तिची? आणि सर्वांत कठीण प्रश्न ओ गटाच्या रुग्णाचा. ज्याचा दाता ओ गटाचा असतो तो आपल्या माणसाला बहुधा थेट देऊन मोकळा होतो. त्यामुळे अडलेल्यांच्या यादीत ओ गटाचे दाते थोडे आणि ओ गटाचे रुग्ण पुष्कळ, अशी स्थिती होते. यावर एक मार्ग आहे. ज्या जोडीची थेट जुळणी होते तिनेही यादीत यावे. ओ गटाच्या दात्याने परक्या ओ रुग्णाला द्यावे आणि आपल्या माणसासाठी अधिक तरुण वा अधिक चांगले जुळणारे मूत्रपिंड घ्यावे. परंतु हे कोणावर लादता येणार नाही. त्यासाठी व्यवस्थेवर विश्वास लागतो आणि विश्वास गुप्त नियमांवर बसत नाही. नियम छापील असावेत, मराठीत असावेत आणि कोणाही रुग्णाला आपला क्रम व त्याचे कारण विचारता यावे.

देणारी आणि घेणारा

आता मघाच्या मुद्द्याकडे. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव-प्रत्यारोपणांपैकी २९ हजारांहून अधिक पुरुषांसाठी झाली आणि स्त्रियांसाठी केवळ ६,९४५. जिवंत दात्यांत मात्र स्त्रियांचेच प्रमाण फार मोठे आहे. याचे काही उत्तर शरीरशास्त्रात आहे. गर्भारपणातील प्रतिद्रव्यांमुळे पतीचे मूत्रपिंड पत्नीला न चालणे, हे मी सांगितले. पण पाचास एक हे प्रमाण प्रतिद्रव्यांनी स्पष्ट होत नाही. कमावत्या पुरुषाला वाचवावे आणि घरातल्या बाईने द्यावे, हा न लिहिलेला नियम घरोघरी आहे. आई देते, पत्नी देते, बहीण देते. तीच आजारी पडली तर डायालिसिसवर भागवले जाते. मघा मी मुक्त संमतीचा अभिमानाने उल्लेख केला. सासर-माहेरच्या दहा डोळ्यांसमोर दिलेला होकार कितपत मुक्त, हा प्रश्न आपण विचारला नाही तर आपला समाजवाद उंबऱ्याबाहेरच राहिला म्हणावे लागेल. प्राधिकार समितीपुढे दात्री एकटी बोलू शकली पाहिजे आणि तिने नकार दिला तर त्याचे कारण घरी कळता कामा नये. वैद्यकीय कारण सांगून तिला सोडवण्याची मुभा डॉक्टरला असावी. नोट्टोने २०२५ साली प्रतीक्षायादीतील स्त्री-रुग्णांना वाढीव गुण देण्याची सूचना केली आहे, तिचे आपण स्वागत करावे.

अदलाबदलीची मर्यादा

अदलाबदल हे संपूर्ण उत्तर आहे, असा माझा दावा नाही. ज्याच्या घरी देणारे कोणीच नाही, त्याला या सावडीत शिरता येत नाही. त्याच्यासाठी मृत्यूनंतरचे दान हाच मार्ग. तेथील वाटप तत्त्वतः आपल्या मनाजोगे आहे. मुंबई परिसरात २००० सालापासून विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत प्रतीक्षायादी चालते. रक्तगट पाहतात, डायालिसिसवर किती काळ गेला ते पाहतात, पैसा आणि ओळख पाहावयाची नसते. पण यादी कितीही न्याय्य असली तरी वाटावयास काही तरी हवे. २०२३ साली १४० कोटींच्या या देशात मरणोत्तर दाते होते १,०९९, म्हणजे दहा लाखांमागे एकही पूर्ण नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण दहा लाखांमागे चाळीसहून अधिक आहे. स्पॅनिश माणूस आपल्यापेक्षा अधिक दानशूर आहे म्हणून नव्हे. १९८९ पासून त्यांनी सार्वजनिक रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले, मेंदूमृत्यूची नोंद वेळेवर होऊ लागली आणि शोकाकुल कुटुंबाशी कोणी तरी नीट बोलू लागले. आपण दधीचीची कथा सांगतो आणि हात जोडतो. परंतु दधीची अपवाद असतो, आणि धोरण अपवादांवर उभे राहत नाही, ते व्यवस्थेवर उभे राहते. इंग्लंडचे समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाच्या अभ्यासातून हेच दाखवले. विकत घेतलेल्या रक्तापेक्षा दान केलेले रक्त सुरक्षित निघाले, कारण तेथे खोटे बोलण्याचे कारण उरत नव्हते. परोपकार हा मनुष्यस्वभावात असतोच, त्याला वाट करून देणारी संस्था समाजाने उभारावयाची असते.

दुसरी मर्यादा खर्चाची. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील प्रत्यारोपणाची मर्यादा २.५० लाखांवरून ४.५० लाख रुपये करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ साली घेतला, हे चांगले झाले. पण शस्त्रक्रिया एकदा होते, औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. औषध परवडेनासे झाले की मिळालेले मूत्रपिंड जाते आणि त्याबरोबर कोणाचे तरी दानही.

आपले काम

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? मी चार कामे सुचवितो. एक, राज्याची एकच सार्वजनिक अदलाबदल-नोंदवही, तिचे नियम मराठीत प्रसिद्ध आणि दरवर्षी तिचा हिशेब विधिमंडळापुढे, ही मागणी आपल्या ठरावांत यावी. दोन, ऊतकजुळणी आणि क्रॉसमॅच चाचण्या सार्वजनिक रुग्णालयांत मोफत व्हाव्यात आणि नंतरची औषधे योजनेत कायमची यावीत. तीन, वसई-विरारमधील प्रत्येक डायालिसिस केंद्रात जाऊन रुग्णांच्या नातेवाइकांना एवढेच सांगावे : तुमचा रक्तगट जुळत नाही म्हणजे वाट संपली असे नाही, अदलाबदलीविषयी डॉक्टरांना विचारा. दलाल तेथे आपल्या आधी पोहोचतो, ही वस्तुस्थिती आहे. चार, मरणोत्तर दानाविषयी गावोगावच्या मंडळांत, मंदिरांत, मशिदींत आणि चर्चमध्ये बोलावे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली रोम येथे प्रत्यारोपण-तज्ज्ञांच्या परिषदेत अवयवदानाचा गौरव केला होता, हे वसईतील ख्रिस्ती बांधवांना सांगण्यास हरकत नाही.

यांतील एकाही कामाला मोठा निधी लागत नाही, लागतो तो वेळ आणि चिकाटी. बाजाराला पर्याय कोठे आहे, असे आपल्याला हिणवून विचारतात. पर्याय आहे. तो एका सार्वजनिक वहीत, छापील नियमांत आणि परक्याच्या नवऱ्यासाठी आपले मूत्रपिंड देणाऱ्या बाईच्या विश्वासात आहे. तो विश्वास तिने ठेवला आहे. वही उघडण्याचे काम शासनाचे आहे, आणि शासनाला ते करावयास लावण्याचे काम आपले.